चुकलेल्या पासवर्डची घंटा: नेटवर्कच्या उपकरणांवर सूचना कशी लावायची?



चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यातल्या कारखान्यांत आपले कितीतरी माजी विद्यार्थी कामाला आहेत. तिथली यंत्रं, कॅमेरे, गेटवरची हजेरी हे सगळं नेटवर्कवर चालतं. शाळेची संगणक लॅबही आता तशीच झाली आहे. या नेटवर्कच्या दारावर कोणी कुलूप खटखटवत असेल, तर ते आपल्याला कळतं का? आज तेच पाहूया.

हा विषय आपल्या दारातला आहे

फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. २७ सर्व्हरमधली माहिती कुलूपबंद झाली आणि ती सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. निगडी पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. सुमारे ५ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं तक्रारीत म्हटलं होतं.

अशा हल्लेखोरांच्या आत शिरायच्या वाटा अनेक असतात. त्यातली एक अगदी साधी: पासवर्डचा अंदाज लावत राहणं. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेली साठेक नावं-पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. मालकांनी ते पासवर्ड बदललेच नव्हते.

थोडं गणित करूया

चार अंकी पिनच्या शक्यता १०,०००. प्रोग्राम सेकंदाला एक प्रयत्न करत असेल, तर पावणेतीन तासांत सगळ्या संपतात. आता राउटरला सांगा, ‘तीनदा चुकलं की दोन मिनिटं दार बंद.’ मग त्याच कामाला साडेचार दिवसांहून जास्त वेळ लागतो! म्हणजे कुलूप चोराला कायमचं थांबवत नाही, पण आपल्याला वेळ मिळवून देतं. मात्र त्या वेळात कोणी आपल्याला उठवलं नाही, तर त्याचा काय उपयोग? म्हणून सूचना, म्हणजेच अलर्ट, हवी.

सूचना कशी लावायची?

१. नोंद सुरू करा. राउटर आणि स्विच (लॅबमधल्या सगळ्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा) यांच्या सेटिंगमध्ये फसलेल्या लॉगिनची नोंद चालू करा. काही उपकरणांवर ती आपोआप होत नाही.

२. नोंद दुसरीकडे पाठवा. उपकरणाची मेमरी लहान असते, वीज गेली की नोंदी पुसल्या जाऊ शकतात. आत शिरलेला माणूसही त्या पुसतो. म्हणून ‘सिसलॉग’ या सोयीने त्या दुसऱ्या संगणकावर साठवा.

३. घड्याळं जुळवा. सगळ्या उपकरणांची वेळ एकच हवी, नाहीतर आधी काय घडलं ते कळत नाही.

४. नियम ठरवा. उदाहरणार्थ, १० मिनिटांत ५ चुका झाल्या की सूचना. एका चुकीला घंटा वाजवली तर दिवसभर वाजत राहील आणि मग तिच्याकडे कोणी बघणारच नाही. काही चोर एका नावावर एकदाच प्रयत्न करून पुढच्या नावाकडे जातात, म्हणून संपूर्ण उपकरणावरच्या चुकाही मोजा.

५. माणूस ठरवा. सूचना कोणाच्या मोबाइलवर जाणार? ते रजेवर असतील तर कोणाच्या? ही नावं कागदावर लिहून ठेवा.

६. तपासून बघा. स्वतः मुद्दाम पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाका. मेसेज आला नाही, तर सूचना लावलेलीच नाही असं समजा.

घंटा वाजली, आता काय?

आधी सहकाऱ्यांना विचारा. बरेचदा कोणीतरी पासवर्ड विसरलेलं असतं. त्यांना रागावू नका, बरं का! रागावलं की पुढच्या वेळी कोणी खरं सांगत नाही. आपल्यापैकी कोणीच नसेल, तर बाहेरून लॉगिन करण्याची सोय बंद करा आणि पासवर्ड बदला. सगळ्यात धोक्याची खूण म्हणजे आठ वेळा चूक आणि नवव्यांदा बरोबर. तिथे कोणीतरी आत शिरलेलं असू शकतं. अशा वेळी नोंदी जपून ठेवा आणि लगेच जाणकाराला बोलवा.

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्या आणि सरकारी संस्थांसाठी नियम काढले. गंभीर सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. चाकणच्या कारखान्यात नेटवर्कचं काम करू इच्छिणाऱ्या मुलांना हे ठाऊक हवंच.

पालकहो, घरच्या वायफाय राउटरवर सूचनेची सोय नसली, तरी दोन गोष्टी आजच करता येतील: कारखान्याचा मूळ पासवर्ड बदला आणि बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय बंद करा. हे करताना मुलांना शेजारी बसवा. वरचं पिनचं गणितही त्यांच्याकडूनच सोडवून घ्या, म्हणजे मोठा पासवर्ड का हवा हे वेगळं सांगावं लागणार नाही.