कुलपातल्या तीस गोळ्या

"दोन प्रती आणल्यात का?" पुण्यातल्या औषधांच्या दुकानात काकांनी विचारलं आणि फलटणहून एसटीने आलेल्या ताईंचा चेहरा उतरला. चिठ्ठीची एकच प्रत होती. मुलगा आठवीत, गोळ्या उद्या संपणार. तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना, म्हणून पुढे काकांच्या परवानगीने मी त्या काउंटरशी बसू लागले.

शाळेची तक्रार, बालरोगतज्ज्ञ, मग मानसोपचारतज्ज्ञ, असं करत एडीएचडीचं निदान होतं. खरी पायपीट नंतरची. त्यावरचं औषध मेथिलफेनिडेट 'शेड्यूल एक्स' या कडक नियमांच्या यादीत येतं. ते विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात राहतो. चिठ्ठीच्या दोन प्रती, त्यातली एक दुकानात दोन वर्षं जपायची. डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर तीच चिठ्ठी पुन्हा चालत नाही. 2020च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार हे औषध दूरस्थ तपासणीवर लिहून देता येत नाही. डॉक्टरांची भेट वाया जात नाही, हेही खरं. या गोळीने भूक मंदावते, म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब पाहावाच लागतो. एडीएचडीवरचंच दुसरं औषध, ॲटोमॉक्सेटिन, कुलपात नसतं, पण त्याचा गुण यायला काही आठवडे जातात आणि ते सगळ्यांना लागू पडत नाही.

काका कपाट उघडतात, तीस गोळ्या मोजतात, रजिस्टरमध्ये डॉक्टर, रुग्ण, पत्ता, बॅच, शिल्लक लिहितात. "एक गोळी कमी भरली तर इन्स्पेक्टरला काय सांगू? आणि ऐन परीक्षेत माल नसला तर या ताईंना काय सांगू?"

दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी शाळेची दोनशेपानी वही ठेवलीय. कुणाच्या गोळ्या कधी संपणार, ते तारखेसह त्यात लिहिलेलं. आठवडाभर आधी फोन जातो: "चिठ्ठी घ्या. दोन प्रती!" तेवढ्यात ते माल मागवून ठेवतात. हे त्यांना कुठल्याही नियमाने सांगितलेलं नाही.

गैरवापर होतो, कुलूप हवंच. पण त्या कुलपाची किल्ली तालुक्याच्या माणसाला पुण्यातच का सापडावी? उपजिल्हा रुग्णालयात ठरल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ यावेत, तिथल्याच औषधखिडकीवर या तीस गोळ्या मिळाव्यात. रजिस्टर तिथेही ठेवता येईल. वहीसुद्धा.

ताई पुढच्या वेळी आल्या तेव्हा दोन्ही प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या. "जूनचं आत्ताच लिहून ठेवा, काका," त्या म्हणाल्या, "शाळा सुरू व्हायच्या आधी हव्यात."