मालव्याचे सोयाबीन आणि आमच्या घरचा कुरकुरीत टोफू

श्रावणात इंदूरहून देवास, उज्जैन किंवा धारच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथपर्यंत सोयाबीनची शेते दिसतात. आजच्या पिढीला वाटावे की हे पीक मालव्यात अनादिकाळापासून आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. पूर्वी इथली काळी कसदार जमीन पावसाळ्यात बव्हंशी पडीक असे. ती चार महिने नुसते पाणी पिऊन घेई आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा पिके. १९६०च्या दशकात पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग केले आणि पुढील वीस वर्षांत ही पडीक जमीन या पिकाने व्यापून टाकली. १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या इंदुरातच स्थापन झाले. शेतकऱ्याच्या हातात पावसाळ्यानंतर लगेच रोकड पैसा देणाऱ्या या पिकाला ‘पिवळे सोने’ हे नाव मिळाले, ते उगीच नव्हे.

परंतु हे सोने आपल्या ताटात कितीसे येते? दाण्यातील सुमारे २० टक्के तेल आपल्या कढईत येते. उरलेली पेंड, जिला मंडीतले व्यापारी ‘डीओसी’ म्हणतात, ती कोंबड्यांच्या खाद्यासाठी रवाना होते, काही देशात, काही परदेशात. आणि दाण्यातील जवळपास ४० टक्के प्रथिने असतात ती नेमकी या पेंडीत. ज्या प्रदेशाच्या मातीतून एवढे प्रथिन दरवर्षी निघते, त्याच मध्यप्रदेशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील सुमारे एकतृतीयांश बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत. कुपोषणाला अनेक कारणे असतात आणि एका धान्याने ते दूर होईल असे कोणी डॉक्टर म्हणणार नाही. तरीही बाह्यरुग्ण विभागात वजनकाट्यावर बालक ठेवताना हा विरोधाभास मनात सलल्यावाचून राहत नाही.

सोयाबीन भारतीय ताटाला सर्वस्वी परके आहे असेही नाही. कुमाऊँत काळ्या भटांची चुडकाणी पिढ्यान्‌पिढ्या होते, नागालँडमध्ये सोयाबीन आंबवून खातात. आपल्या बृहन्महाराष्ट्रातला दाखला तर अभिमानाने सांगावा असा आहे. बडोदा संस्थानातील एफ. एस. काळे यांनी १९३६ मध्ये सोयाबीनचे आहारमूल्य, लागवड आणि उपयोग यांवर इंग्रजीत एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग चालवले होते. म्हणजे मालव्यात हे पीक रुजण्याच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने ते स्वयंपाकघरात नेण्याचा विचार केला होता. ते तिथे फारसे टिकले नाही, कारण सोयाबीनला एक उग्र, कच्चट वास असतो, आणि आपण मराठी माणसे चवीच्या बाबतीत कोणाचे ऐकत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या एका छोट्या रुग्णामुळे. चार वर्षांचा हा मुलगा, त्याला गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी. अशी बहुतेक मुले वाढत्या वयाबरोबर बरी होतात, हा अजून झालेला नव्हता. मोठ्यांच्या सल्ल्याने घरात शेळीच्या दुधाचा विचार चालला होता, तो मी थांबवला. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातील प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाची ॲलर्जी असणाऱ्याला दुसरे चालेल असे गृहीत धरणे धोक्याचे. वाढीच्या तक्त्यावर त्याच्या वजनाची रेघ वर्षभर जवळपास आडवी चालली होती. घर शाकाहारी, अंडे चालणार नाही. डाळ-उसळ तो खाई, पण घासभर. आईचे खरे दुःख निराळेच होते. ती म्हणाली, “डॉक्टर, लग्नाकार्यात पंगतीत बसला की शेजारच्या ताटातलं पनीर मागतो. श्रीखंड नको, पेढा नको, पनीर नको. सारखं नको-नको म्हणून मीच थकले. पनीरसारखं दिसणारं काही तरी सांगा ना.”

सोयाबीनची ॲलर्जी नाही याची खात्री करून मी टोफू सुचवला. पंधरा दिवसांनी ती परत आली. “आणला होता. पनीरसारखा रश्श्यात सोडला. एक घास घेतला आणि थुंकून टाकला. आमच्या सासूबाई म्हणाल्या, याला चव ना ढव, लेकराला कशाला छळतेस?”

सासूबाईंचे निदान अचूक होते. टोफू हे पनीर नव्हे. पनीरमध्ये स्निग्धांश भरपूर असतो, तो स्वतःची चव घेऊन येतो. टोफूमध्ये पाणी भरपूर असते आणि रश्श्यात सोडला की तो आणखी मऊ, गिळगिळीत लागतो. मुलांचे खाणे जिभेइतकेच दातांवर चालते. बटाट्याची भाजी नाकारणारे मूल बटाट्याचा वेफर का खाते, याचे उत्तर कुरकुरीतपणात आहे. तेव्हा टोफू कुरकुरीत करून पाहावा असे ठरवून मी एका रविवारी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सौभाग्यवतींनी एवढेच बजावले, “अहो, ओटा पुसूनच बाहेर पडायचं.”

बाजारात आता तयार टोफू सहज मिळतो, तो घ्यावयास हरकत नाही. पण घरी करण्यात खर्च अगदी किरकोळ येतो आणि ताज्याची चव वेगळीच. पाव किलो पिवळे सोयाबीन निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावे. आपल्या वैशाखात सहा तास पुरेत, नाहीतर पाण्याला आंबूस वास येतो. भिजलेले दाणे चोळून साले काढावीत आणि ते मिक्सरमधून उकळत्या पाण्याबरोबर वाटावेत, गार पाण्याबरोबर नव्हे. कच्चट वासाचे मूळ लायपॉक्सिजिनेज या विकरात आहे. दाणा फुटून पाण्याशी आणि हवेशी संपर्क आला की ते दाण्यातल्या तेलावर काम सुरू करते, आणि उकळत्या पाण्यात ते वेळीच निकामी होते. (मिक्सरचे भांडे मात्र अर्धेच भरावे. गरम वाफेने झाकण उडते.) एकूण सुमारे दोन लिटर पाणी वापरून, वाटण मलमलच्या फडक्यातून पिळून दूध काढावे.

हे दूध उकळताना एक फसवणूक होते, ती ध्यानात ठेवावी. पुरते तापण्याआधीच सोयाबीनमधील सॅपोनिनमुळे त्यावर फेस येतो आणि दूध उतू जाऊ लागते. ही खोटी उकळी. गृहिणी गॅस बंद करून मोकळी होते आणि दूध कच्चेच राहते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अटकाव करणारी द्रव्ये असतात. त्यांतील एक कुनिट्झ यांनी १९४०च्या दशकात शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. प्रथिने मिळावीत म्हणून द्यायचे आणि तीच पचू नयेत अशी तजवीज सोबत पाठवायची, हा उलटा व्यवहार झाला. तेव्हा आच मंद करून, ढवळत, फेस बसल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटे दूध खळखळ उकळावे. आपल्या इंदूरच्या संशोधन संस्थेने हे कुनिट्झ द्रव्य नसलेला एनआरसी १२७ हा वाण काढला आहे. तो शेतात आणि तेथून बाजारात रुळला तर आईचे निम्मे काम हलके होईल.

दूध उकळीवरून उतरवून पाच मिनिटे थांबावे, मग ते नासवावे. दोन लिंबांचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घातला तरी काम होते. परंतु खाद्य प्रतीचे कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, दोन सपाट चमचे अर्धी वाटी पाण्यात कालवून वापरले तर टोफू मऊसूत पण घट्ट होतो, आणि त्यात कॅल्शियमची भर पडते. दूध न चालणाऱ्या मुलासाठी ही भर मोलाची आहे. लिंबाने केलेल्या टोफूत ती मिळत नाही. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांचे प्लास्टर याच घराण्यातले, म्हणून त्यांच्या खोलीतली पूड कोणी उचलून आणू नये, ही विनंती. नासवताना घुसळायचे नाही. एकदोनदा हलकेच फिरवून झाकण ठेवावे. पंधरा मिनिटांत पिवळसर नितळ पाणी वेगळे होते. दही फडक्यात बांधून चाळणीत ठेवावे आणि वर वरवंट्याचे वजन अर्धा तास. सुमारे ४०० ग्रॅम टोफू पडतो. तो गार पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवावा आणि पाणी रोज बदलत तीन दिवसांत संपवावा.

आता कुरकुरीतपणा. त्याचा एकमेव शत्रू पाणी. पृष्ठभागावर ओल आहे तोवर तेथील तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग येण्यास त्याहून बरीच अधिक उष्णता लागते. म्हणून दोनशे ग्रॅम टोफूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून खारट कढत पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत. ऐकायला उलटे वाटते, पण त्याने तुकडे आवळून येतात आणि मीठही आत मुरते. मग स्वच्छ पंचावर पसरून, वरून दुसरा पंचा दाबून वीस मिनिटे ठेवावे. मिरपूड, चिमूटभर हळद, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर (तांदळाची पिठीही चालते) भुरभुरून हलक्या हाताने घोळावे आणि लगेच तव्यावर घालावे. पीठ लावून ठेवून दिले की ते ओल धरते आणि चिकटते. बिडाचा तवा असेल तर उत्तम. दोन चमचे तेल चांगले तापू द्यावे, तुकडे एकमेकांना न लागता मांडावेत आणि मग तीन-चार मिनिटे त्यांना अजिबात हात लावू नये. आमच्या घरात हेच सर्वांत अवघड ठरले. उलथणे हातात असले की माणसाला स्वस्थ बसवत नाही. खालची बाजू तयार झाली की तुकडा आपोआप सुटतो, तोवर ओढल्यास कवच तव्याला आणि मगज उलथण्याला.

भाज्या वेगळ्या परताव्यात. गाजर, फरसबी, भोपळी मिरची, फ्लॉवरचे लहान तुरे, कोबी, जे घरात असेल ते. मोठ्या आचेवर, थोड्या तेलात, आले-लसणावर, चार-पाच मिनिटे. भाजीचा रंग उजळ राहावा आणि दाताखाली ती थोडी वाजावी. टोफू शेवटी, गॅस बंद केल्यावर मिसळायचा आणि वर लिंबू पिळायचे. हे लिंबू केवळ चवीचे नाही. सोयाबीनमधील लोह फायटेटमुळे शरीरात कमी शोषले जाते, क जीवनसत्त्व ते शोषण वाढवते. भोपळी मिरचीही याच कामी येते. बाटलीतला सोया सॉस मुलांसाठी टाळावा. त्यात मीठ फार, आणि बहुधा गहूही असतो, ही गोष्ट गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांना ठाऊक नसते.

त्या आईला मी ही कृती कागदावर लिहून दिली. औषधाच्या चिठ्ठीपेक्षा ती तिने अधिक काळजीने घडी करून पर्समध्ये ठेवली. पुढच्या खेपेस मुलगा स्वतःच म्हणाला, “डॉक्टरकाका, माझं पनीर कडक आहे.” त्याच्या वजनाची रेघ पुढल्या तीन महिन्यांत वर वळली. त्याचे श्रेय एकट्या टोफूला देणे शास्त्राला धरून होणार नाही, कारण तेल, दाणे, केळी, डाळी या सर्वांचे प्रमाण आम्ही वाढवले होते. पण आता पंगतीला बसताना तो आपला छोटा डबा घेऊन बसतो आणि शेजारचे मूल त्याच्याकडे मागते, हे त्याच्या आईने सांगितले तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा थकवा उतरलेला मी पाहिला.

वैद्यकीय मित्रांसाठी दोन शब्द आवश्यक आहेत. दुधाची ॲलर्जी असणाऱ्या काही मुलांना सोयाबीनही सोसत नाही, विशेषतः ज्यांची लक्षणे उशिरा आणि पोटाची असतात. म्हणून पहिला घास अगदी लहान आणि देखरेखीखाली. सहा महिन्यांखालील बाळाला आईचे दूध, टोफूचा किंवा घरच्या सोया दुधाचा प्रश्नच येत नाही. थायरॉक्सिन घेणाऱ्या मुलांत सोयाबीनने औषधाचे शोषण घटते. तिथे बंदी नको, औषध आणि सोयाबीन यांत पुरेसे अंतर आणि प्रमाणात सातत्य हवे. टोफूत ब१२ जीवनसत्त्व नसते, ते वेगळे द्यावेच लागते. “मुलगा सोयाबीन खाऊन मुलीसारखा होईल का हो?” हा प्रश्न कुजबुजत विचारणारे वडील महिन्यातून एखादे तरी येतात. अन्नातील नेहमीच्या प्रमाणात तसे होते असा पुरावा नाही, हे मी त्यांना मोठ्या आवाजात सांगतो, म्हणजे बाहेर बसलेल्यांनाही कळते.

राहता राहिला फडक्यात उरलेला चोथा. तो टाकू नये, पण ठेवूही नये, फार लवकर आंबतो. दूध उकळण्यापूर्वी गाळलेले असल्याने चोथा कच्चा असतो, तेव्हा आधी कुकरमध्ये दोन शिट्ट्या द्याव्यात. मग ज्वारीचे पीठ, बेसन, बारीक कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ आणि भरपूर तीळ घालून त्याची थालीपिठे लावावीत. मधे भोक पाडून तेल सोडायला विसरू नये. टोफू केला की त्या रात्री आमच्याकडे हाच बेत असतो, आणि लसणाची कोरडी चटणी.