टर्बो पेट्रोल गाडी : ताकद भरपूर, पण ऑइलची उधारी चालत नाही

कापडाच्या धंद्यात गाडी आता शौकाची चीज राहिलेली नाही. सकाळी नाशिकहून निघून मालेगाव गाठायचे, संध्याकाळी परत दुकानावर यायचे; आठवड्याआड भिवंडी, महिन्यातून एकदा सुरत. असा फेरा असलेले अनेक व्यापारी बंधू सध्या एकच सवाल करतात. टर्बो पेट्रोल गाडी घेताना ‘डायरेक्ट इंजेक्शन’वाल्या इंजिनासाठी जादा पैसे मोजावेत का? आणि मोजले तर ते इंजिन टिकेल का?

हा सवाल आपल्या शहराशी जोडलेला आहे. महिंद्रच्या नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो निघाली, स्कॉर्पिओ निघाली. २०१९ मध्ये एक्सयूव्ही ३०० आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने याच गाडीत एमस्टॅलियन मालिकेतले टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिन दिले. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ३एक्सओमध्येही ते देण्यात आले. ३एक्सओ ही साध्या टर्बो पेट्रोल इंजिनातही आली, त्यामुळे दोन्हींची तुलना सोपी झाली.

आकडे काय सांगतात?

दोन्ही इंजिने तीन सिलिंडरची आणि १,१९७ सीसीची. साध्या टर्बोची ताकद सुमारे १११ पीएस, ओढ म्हणजे टॉर्क २०० एनएम. डायरेक्ट इंजेक्शनवाल्याची ताकद सुमारे १३० पीएस आणि ओढ २३० एनएम. आमच्या तरुणपणी ज्या मारुती ८०० चे एवढे अप्रूप होते, तिच्या सुरुवातीच्या ७९६ सीसी इंजिनाची ताकद चाळिशीच्या आत होती, हे लक्षात घ्या.

पण व्यापाऱ्याने पीएसपेक्षा ओढ पाहावी. ही २३० एनएमची ओढ इंजिनाच्या मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासूनच मिळू लागते. मागे कापडाचे गठ्ठे आणि आत चार माणसे असताना कसारा घाट चढायचा असेल, तर फरक तिथे कळतो. मायलेजचा चाचणीतला आकडा मॅन्युअल गिअरच्या ३एक्सओसाठी साध्या टर्बोचा १८.८९ आणि डायरेक्ट इंजेक्शनचा २०.१ किलोमीटर होता. माल भरून आणि एसी लावून रस्त्यावर यापेक्षा कमीच मिळणार.

फरक नेमका कशात?

साध्या इंजिनात पेट्रोलचा फवारा सिलिंडरच्या बाहेर, व्हॉल्व्हच्या तोंडाशी, तीन ते पाच बार दाबाने मारला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तो थेट सिलिंडरच्या आत मारतात आणि दाब २०० ते ३५० बारपर्यंत जातो. गाडीच्या टायरमधली हवा साधारण दोन बारची असते, यावरून अंदाज यावा. आत गेलेले पेट्रोल वाफ होताना सिलिंडर थंड करते. त्यामुळे इंजिन ठोकत नाही आणि टर्बोला जास्त हवा कोंबता येते. जादा ताकद येते ती इथून.

नाशिककरांना ही विद्या नवी नाही. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, डिझेलचे नोझल वर्षानुवर्षे बनत आले. डिझेलची हीच रीत पेट्रोलला लावली. जर्मनीत १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ती होती. आपल्याकडे २०१३ मध्ये चाकणच्या पोलो जीटी टीएसआयमुळे ती लहान गाडीत आली.

टिकाऊपणाचा हिशोब

माझ्या पुतण्याने जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली होती. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण कसूर गाडीची नव्हती. सीझनच्या गडबडीत ऑइल बदलणे दोनदा पुढे ढकलले, मग बाजारातले स्वस्त सुटे ऑइल ओतले. ऐन लग्नसराईत चांदवडजवळच्या राहुड घाटात निळा धूर निघाला आणि गाडीची ओढच गेली. टर्बो बदलावा लागला, साठ हजार गेले. माल वेळेवर पोहोचला नाही म्हणून एक जुने गिऱ्हाईक तुटले ते वेगळेच. “चाचा, ऑइलचे दोन-तीन हजार वाचवायला गेलो,” एवढेच तो बोलला.

कारण समजून घ्या. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. ऑइल जळके किंवा हलके असेल तर तो थर तुटतो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचे ऑइल घाला आणि मुदतीच्या आत बदला. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन चालू ठेवा म्हणजे टर्बो थंड होतो.

दुसरे दुखणे काजळीचे. साध्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्ह धूत राहते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते तिथे पोहोचतच नाही, म्हणून ऑइलच्या वाफेची काजळी साचते. २००० नंतरच्या दशकात युरोपच्या नामांकित गाड्यांनाही हा त्रास झाला. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारून ती साफ करतात. दुकान ते घर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन गरम होत नाही आणि न जळालेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. अशा गाडीला अधूनमधून हायवेवर न्यावे.

तिसरे, वरच्या गिअरमध्ये हळू वेगात जोराने ॲक्सिलरेटर दाबू नका. पेट्रोल वेळेआधी पेटते आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. चौथे, पेट्रोल भरवशाच्या पंपावरचेच घ्या. इतक्या दाबाच्या पंपाला आणि इंजेक्टरला कचरा किंवा पाणी सहन होत नाही, आणि ते भाग महाग असतात.

मग घ्यावी की नाही?

ज्यांची धाव बहुतेक हायवेची आणि घाटाची आहे, आणि जे सर्व्हिसची तारीख पाळतात, त्यांनी डायरेक्ट इंजेक्शन जरूर घ्यावे. ज्यांची गाडी मेन रोड आणि भद्रकालीच्या गर्दीतच फिरते, त्यांना साधा टर्बो पुरेसा आहे. जादा पैसे दुकानात गुंतवावेत. जुनी गाडी घेताना आधी सर्व्हिसचे बुक मागा. इंजिन थंड असताना सुरू करून धूर पाहा. बुक नसेल तर सौदा सोडा.

गिऱ्हाइकाला आपण एकवेळ उधारी देतो. हे इंजिन ती देत नाही. ऑइलचा रोखीचा हिशोब ठेवाल, तर वर्षानुवर्षे साथ देईल.