परवाना मिळाला, बँक मिळाली नाही

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धार शहरात शाळा, ग्रंथालय आणि दवाखान्याच्या जोडीला एक सरकारी अफूची वखारही होती. माळव्यातली अफू मुंबईच्या वाटेला लागण्याआधी तिथे इंग्रज सरकारचा कर भरला जाई. पवारांचं धार, पवारांच्याच थोरल्या आणि धाकट्या पातीत वाटलेलं देवास, होळकरांचं इंदूर, शिंद्यांचं ग्वाल्हेर, या साऱ्या मराठी संस्थानांच्या तिजोरीत अफूचा पैसा येत होता. आज कायदेशीर गांजाच्या दुकानांचा विषय निघाला की कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोची नावं घेतली जातात. पण नशेचा माल उघडपणे विकल्यावर त्याचा पैसा न्यायचा कसा आणि ठेवायचा कुठे, या प्रश्नाने माळव्यातल्या सावकारांचीही झोप उडवली होती.

1818 नंतर माळव्यातली संस्थानं ईस्ट इंडिया कंपनीशी तहांनी बांधली गेली, अफू मात्र कंपनीच्या हाती आली नाही. बंगाल-बिहारच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती आणि माळव्याचा माल तिच्याशी चीनच्या बाजारात स्पर्धा करत होता. कंपनीने आधी हा माल स्वतःच विकत घेऊन पाहिला, मग संस्थानांवर दबाव आणून व्यापार आवळला. तेव्हा व्यापाऱ्यांनी पाली, जैसलमेर, कराची असा लांबचा वळसा घेऊन पोर्तुगीजांचं दमण गाठलं. शेवटी 1830च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि पेटीमागे 175 रुपये घेऊन मुंबईपर्यंतचा परवाना द्यायला सुरुवात केली. 1843 मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला, कराचीची वाट बंद झाली, आणि 1847 पर्यंत हाच दर 400 रुपयांवर पोचला.

माल पश्चिमेला जायचा आणि त्याचं मोल उलट दिशेने यायचं. बरीचशी देवघेव हुंडीवर भागे, पण सगळेच हिशेब कागदावर मिटत नाहीत. मुंबई-सुरतेहून इंदूरकडे चांदी आणि नाणी प्रत्यक्ष आणावीच लागत. हे काम रोकडिये करत. सोबत हत्यारबंद पहारा घेतला तर वाटेवरच्या साऱ्यांना सुगावा लागणार, म्हणून दोघा-चौघांच्या टोळीने, गरीब वाटसरूच्या किंवा भिकाऱ्याच्या वेशात, अंगावर रक्कम लपवून ते शेकडो कोस चालत.

ठगांनी त्यांना ओळखायला शिकून घेतलं. 1820च्या दशकाच्या अखेरीस खानदेशच्या रस्त्यांवर आणि नर्मदेच्या घाटांजवळ रोकडियांच्या टोळ्याच्या टोळ्या मारल्या गेल्या. अमरावतीचे सावकार धनराज शेठ यांच्या मोठ्या रकमा अशाच गेल्या. इंग्रज अधिकारी स्लीमनने नोंदवलेल्या ठगांच्या जबान्यांत या लुटींची वर्णनं आहेत. ठगांच्या लोकप्रिय कथांनी मात्र भवानीचा कौल आणि गळ्याभोवतीचा रुमाल एवढंच उचललं. ज्या पैशासाठी ती माणसं मेली, तो त्या रस्त्यावर का होता, हे कुणी सांगत नाही. अफूच्या भरभराटीने रोख रकमेची वर्दळ वाढवली आणि ती सुरक्षित नेण्याची सोय मात्र केली नाही. रोकडियांच्या मरणाचा हा भाग विसरता कामा नये.

अमेरिकेत आज जवळपास तेच चाललं आहे. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी 2012 मध्ये मतदान घेऊन प्रौढांना गांजा खुला केला. कोलोरॅडोत 1 जानेवारी 2014 पासून दुकानं सुरू झाली. पण देशाच्या 1970च्या कायद्याने गांजा हेरॉइनच्याच यादीत टाकलेला होता. राज्य परवाना देतं, कर वसूल करतं. आणि देशाच्या कायद्यापुढे तोच पैसा गुन्ह्याचा ठरतो. असा पैसा ठेवून घेणाऱ्या बँकेवर काळा पैसा पांढरा केल्याचा आरोप येऊ शकतो. फेब्रुवारी 2014 मध्ये केंद्रीय अर्थखात्याने बँकांसाठी सूचना काढल्या, पण त्यांत अशा प्रत्येक ग्राहकाबद्दल संशयित व्यवहाराचा अहवाल पाठवत राहण्याची अट होती. मोठ्या बँकांनी अंग काढून घेतलं. काही लहान बँका आणि पतसंस्था पुढे आल्या, त्याही भरमसाट शुल्क लावून. कोलोरॅडोत खास या धंद्यासाठी काढलेल्या एका पतसंस्थेला मध्यवर्ती बँकेने खातंच नाकारलं. व्हिसा आणि मास्टरकार्डही या दुकानांत चालत नाहीत.

उरते ती रोकड. पगार रोखीत, भाडं रोखीत, आणि कर भरायला नोटांच्या थैल्या घेऊन सरकारी कचेरीत. हे चोरांना कळायला वेळ लागत नाही. जून 2016 मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरा शहरात दुकानाचा तरुण पहारेकरी दरोडेखोरांच्या गोळीला बळी पडला. मार्च 2022 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा इथे दुकानातला कर्मचारी मारला गेला. 2012 मध्ये कॅलिफोर्नियात तर औषधी गांजाच्या एका दुकानदाराला पळवून मोहावीच्या वाळवंटात नेलं आणि त्याचे अनन्वित हाल केले. त्याने तिथे पैसा पुरून ठेवला आहे, अशी अपहरणकर्त्यांची खात्री झाली होती. पुरलेला पैसा नव्हताच. पण या धंद्याचा पैसा बँकेत नसतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेच ती खात्री पटण्याजोगी वाटली.

रोकडीचा धोका बाहेरूनच येतो असंही नाही. देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये 1974 पासून नोटा छापल्या जातात, दाराशी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो. तरी जानेवारी 2018 मध्ये तिथलाच एक अधिकारी बुटात नोटा लपवून नेताना पकडला गेला आणि त्याच्याकडून सुमारे 90 लाख रुपये हस्तगत झाले. सरकारी छापखान्यात हे घडतं, तर गल्ल्यात दिवसाची सगळी विक्री घेऊन बसलेल्या दुकानदाराने कुणाकुणावर नजर ठेवायची?

माळव्यात अफू अजून पिकते, आता मुख्यतः मंदसौर, नीमच आणि रतलाम भागात. ग्वाल्हेरला मुख्यालय असलेला केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो शेतकऱ्याला पट्टा देतो. डोड्यांना चिरा देऊन काढलेला चीक सरकारी तोलाला घालावा लागतो. अंदाजी किमतीचा 90 टक्के हिस्सा आधी थेट बँक खात्यात जमा होतो, उरलेला कारखान्यातल्या तपासणीनंतर. इथे शेतकऱ्याच्या घरात नोटांची रास साठत नाही. माल मात्र उघड्या शेतात उभा असतो. चोरबाजारात सरकारी दराच्या कितीतरी पट भाव असल्याने डोडे पिकले की माणसं रात्र-रात्र शेतात जागतात. पैशाची चोरी बँकेने टाळली, पिकाची टाळता आलेली नाही.

भांगेची गोष्ट आणखी सरळ आहे. 1985च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस बंद केले, पण शेंड्यांविना असलेली पानं आणि बिया त्यातून वगळल्या. म्हणून मध्य प्रदेशाचं आबकारी खातं भांगेच्या दुकानांना परवाने देतं. इथे राज्याने हो म्हटलं आणि केंद्राने नाही म्हटलं, असा पेच नाही. म्हणून परवानाधारकाचं खातं उघडताना बँकेलाही गुन्हेगारीचं भय नसतं. अमेरिकी दुकानदाराला एवढंच हवं आहे. तिथल्या कनिष्ठ सभागृहाने अशा बँकांना संरक्षण देणारं विधेयक सप्टेंबर 2019 मध्ये 321 विरुद्ध 103 मतांनी मंजूर केलं, पुढेही अनेकदा केलं. सेनेटमध्ये ते दर वेळी अडकलं.

भारतातही हा प्रश्न पुन्हा दारात येतो आहे. उत्तराखंडने 2018 मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला, हिमाचल प्रदेशने नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला 2025 मध्ये मंजुरी दिली. कोणत्या जातीचं बी, त्यात नशेचा अंश किती, यावर तिथे काथ्याकूट चालू आहे. त्याच बैठकांत बँकांचे अधिकारीही बसायला हवेत आणि पहिलं पीक निघण्याआधी उत्पादक, वाहतूकदार, खरेदीदार यांची खाती कशी चालतील हे लेखी ठरायला हवं. त्यासाठी नमुना शोधत परदेशी जायची गरज नाही. नीमचचा तोल आणि त्यामागची खात्यात रक्कम भरण्याची पद्धत पाहून आलं तरी कामाला सुरुवात होईल.