पिंचन कुणाच्या नावावर?

नवरा 62 वर्षांचा, बायको 58 वर्षांची. दोन एकर कोरडवाहू, त्यात कापूस नाहीतर सोयाबीन. मुलगा वेगळा राहतो. हे जोडपं आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथमध्ये असेल, तर तेलंगण सरकारकडून त्यांना म्हातारपणापोटी महिन्याला 2,016 रुपये मिळू शकतात. दोघांना प्रत्येकी नव्हे, दोघांत मिळून. हेच जोडपं इस्लापूरला असेल, तर महाराष्ट्र सरकारच्या लेखी ते अजून म्हातारंच झालेलं नाही. नवऱ्याला आणखी तीन वर्षं थांबायचंय, बायकोला सात. मात्र एकदा 65 पूर्ण झाली, की श्रावणबाळ योजनेत दोघांना वेगवेगळा अर्ज करता येतो आणि दोन्ही मंजूर झाले तर 1,500 अधिक 1,500.

इस्लापूरचं नाव उगाच घेतलं नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि त्यांच्याबरोबर बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कलही गेलं. म्हणजे एकाच तालुक्याचे दोन तुकडे झाले. जमीन तुटली, सोयरिक तुटली नाही. बोथकडच्या मराठी घरांतल्या कितीतरी सुना किनवट भागातल्या, लेकी तिकडे दिलेल्या. त्यामुळे लग्नाच्या मांडवात दोन म्हाताऱ्या शेजारी बसल्या, की तुला किती येतात आणि मला किती, हा हिशेब निघतोच. बोथकडची म्हणते मला दोन हजार, आणि इस्लापूरची हळूच सांगते, आम्हाला दोघांना येतात.

तेलंगणाची योजना ‘आसरा’. राज्य झाल्यावर पाचच महिन्यांत, नोव्हेंबर 2014 मध्ये ती सुरू झाली. आधीच्या आंध्र प्रदेशात म्हाताऱ्यांना 200 रुपये मिळत होते, त्याचे एकदम 1,000 झाले. 2019 मध्ये 2,016 झाले. हे वरचे सोळा पाहिले की तेलुगू घरांतला 116 किंवा 1,116 रुपयांचा आहेर आठवतो. वयाची अट आधी 65 होती, ती 57 वर आणण्याचा निर्णय 2021 मध्ये झाला आणि त्या नव्या लोकांच्या हातात पैसे ऑगस्ट 2022 पासून पडू लागले. 57 हा आकडा देशातल्या कुठल्याही शेतमजुराला खरा वाटेल असा आहे. कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर पासष्टीची वाट बघत नाही.

पण याच योजनेत एक अट आहे, आणि जोडप्याचा सगळा प्रश्न त्या अटीत अडकलाय. म्हातारपणाची पेन्शन कुटुंबात एकालाच, आणि शक्यतो बाईला. अपंगत्वाची पेन्शन असेल तर तो हिशेब वेगळा. बाकी खेड्यात वर्षाचं उत्पन्न दीड लाखाच्या आत हवं. जमीन ओलिताची असेल तर तीन एकर आणि कोरडवाहू असेल तर साडेसात एकर यापेक्षा जास्त नको. घरात सरकारी नोकरी किंवा सरकारी पेन्शन नको. या अटी समजण्यासारख्या आहेत. ‘एकालाच’ ही अट मला पटत नाही. एक चूल, एक घर, म्हणून एक पेन्शन, हा सरकारचा विचार. पैसा मर्यादित आहे आणि जास्त घरांपर्यंत पोचवायचा आहे, हेही खरं. पण चूल एक असली तरी बीपीची गोळी दोघांत अर्धी अर्धी वाटून घेता येत नाही.

याच्या नेमकी उलटी रीत अमेरिकेची. तिथल्या सोशल सिक्युरिटीत 1939 साली दुरुस्ती झाली आणि कमावत्या नवऱ्याच्या पेन्शनवर म्हाताऱ्या बायकोसाठी निम्मी रक्कम वरून देण्याची सोय आली. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेतही बरीच वर्षं असाच हिशेब होता: एका लाभार्थ्याला 600, घरात एकाहून जास्त लाभार्थी असतील तर सगळ्यांचे मिळून 900. दीडपट. ‘आसरा’त दुसऱ्या म्हाताऱ्यासाठी वर काहीच नाही.

म्हणून महाराष्ट्र उदार ठरतो, असंही नाही. श्रावणबाळला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं, म्हणजे महिन्याला 1,750. एवढ्यात घर चालवणारं कुटुंब आज तहसीलदारानं शोधून दाखवावं. गंमत अशी, की त्या दोघांना योजनेतूनच वर्षाला 36,000 मिळतात. लाडकी बहीण योजनेत तर उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्यामुळे 64 वर्षांची बाई तिथे 1,500 रुपयांची हक्कदार असते, आणि 65 उलटल्यावर तेवढ्याच रकमेसाठी तिला एकदम बारापट गरीब व्हावं लागतं. शिवाय महाराष्ट्रात 15 वर्षांचा रहिवास लागतो, म्हणजे म्हातारपणी बोथहून किनवटला लेकीकडे राहायला गेलेल्याला दार बंदच. केंद्राचा वाटाही सांगून टाकतो: इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत 60 ते 79 वयाच्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला केंद्र आजही 200 रुपये देतं, 80 नंतर 500.

बोथमधल्या जोडप्यानं काय करायचं, हे आता बघू. अर्जाची वाट ग्रामपंचायतीचा सचिव किंवा मीसेवा केंद्र, पुढे मंडलाचे विकास अधिकारी (एमपीडीओ) आणि शेवटी कलेक्टर, अशी आहे. कागद फार लागत नाहीत: आधार, राशन कार्ड, वयाचा पुरावा, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक. नवी मंजुरी मात्र सरकार दार उघडेल तेव्हाच. डिसेंबर 2023 च्या अखेरीस नव्या सरकारनं ‘प्रजापालना’त गावोगाव अर्ज घेतले, त्यात ‘चेयूता’ म्हणजे 4,000 रुपयांच्या पेन्शनचं आश्वासनही होतं. ती पावती घरात असेल तर जपून ठेवावी.

खरी अडचण नावांची. किनवटकडून आलेल्या बाईच्या शाळेच्या दाखल्यावर, असलाच तर, माहेरचं मराठी नाव. आधारवर नवऱ्याचं नाव मधे. राशन कार्डावर तेलुगू पद्धतीनं घराण्याचं नाव किंवा त्याचं आद्याक्षर आधी. बाई एक, नावं तीन. वयाचंही तेच. जन्मतारीख माहीत नसलेल्यांच्या आधारवर 1 जानेवारी आणि अंदाजानं टाकलेलं साल. आधार काढताना ऑपरेटरनं बाईकडे बघून पाच वर्षं कमी धरली असतील, तर ती पाच वर्षं पेन्शनमधून जातात. आधारवर नाव दोनदा बदलता येतं, जन्मतारीख मात्र एकदाच. तेव्हा ती एक संधी घाईत वाया घालवू नये. आधी हातात भक्कम पुरावा घ्यावा, मगच दुरुस्तीला जावं.

आणि कुटुंब म्हणजे कोण, हे राशन कार्ड ठरवतं. म्हातारा-म्हातारी मुलाच्या कार्डावर असतील, तर मुलाचं उत्पन्न आणि मुलाची जमीन त्यांच्या अर्जात येऊन बसते. कागदोपत्री वेगळं होणं म्हातारपणी जिवावर येतं, हे खरं. पण मुलगा सरकारी नोकरीत असेल, तर एका कार्डावर राहून अर्ज करण्यात अर्थ नाही.

निवृत्त गुरुजी किंवा तलाठी यांचं गणित निराळं. जुन्या पेन्शन नियमांत असलेल्या कर्मचाऱ्यानं निवृत्त व्हायच्या आधी पती-पत्नीचा एकत्र फोटो, जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख कागदांत नीट बसवावी. पुढे शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के कुटुंब पेन्शन तिथूनच ठरते. दोघंही नोकरीत होते, तर मागे राहिलेल्याला स्वतःची पेन्शन आणि वर कुटुंब पेन्शनही मिळते. 1 सप्टेंबर 2004 पासून लागलेल्यांना हे सुख नाही, ते अंशदायी पेन्शनवाले (सीपीएस). चाळिशीच्या आतल्या शेतकरी जोडप्यांनी अटल पेन्शनकडे बघायला हरकत नाही. 2015 पासूनच्या या योजनेत नवरा-बायको दोन वेगळे सभासद होऊ शकतात आणि एक गेला तर त्याची पेन्शन तेवढीच जोडीदाराला चालू राहते. आयकर भरणाऱ्याला मात्र 1 ऑक्टोबर 2022 पासून नवं खातं उघडता येत नाही.

परत ‘आसरा’कडे. पेन्शन कुणाच्या नावावर, याचं उत्तर बहुतेक घरांत ‘म्हातारीच्या’ असंच येतं, आणि सरकारही तेच सांगतं. पैसा बाईच्या हातात पडला तर घरात येतो, हा गावाचा अनुभव आहे. पण एक बाजू कुणी बोलत नाही. पेन्शन नवऱ्याच्या नावावर असेल आणि तो गेला, तर बायकोला मृत्यूचा दाखला दाखवून विधवा म्हणून त्याच रकमेवर हक्क सांगता येतो, मग ती 57 ची नसली तरी चालतं. उलटं झालं, म्हणजे पेन्शन असलेली बायको आधी गेली, तर विधुरासाठी असा वर्ग नाही. त्यानं म्हातारपणाच्या पेन्शनसाठी पहिल्यापासून नवा अर्ज करायचा आणि सरकार दार उघडेपर्यंत थांबायचं.

दोन्ही वेळी मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत करावी. त्यानंतर विलंबाचा दंड लागतो, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. आणि पेन्शन बायकोच्या नावावर असली, तरी नवऱ्याचं आधार, त्यावरचं वय आणि त्याचं वेगळं पासबुक आत्ताच दुरुस्त करून ठेवावं. ही धावपळ दोघं असताना होते, एकट्यानं होत नाही.