घन आम्लांचे दिवस संपलेले नाहीत

या शतकात सेंद्रिय संश्लेषणातल्या उत्प्रेरणाला चार नोबेल मिळाली: २००१, २००५, २०१० आणि २०२१. असममित उत्प्रेरण, मेटाथिसिस, पॅलेडियमच्या जोडण्या आणि लिस्ट-मॅकमिलन यांचे सेंद्रिय उत्प्रेरक यांची उजळणी इथे करत नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या देबब्रत मैती यांनी टेम्प्लेटच्या आधाराने बेंझिन कड्यावरचा पॅरा जागेचा कार्बन-हायड्रोजन बंध पॅलेडियमच्या आवाक्यात आणला. २०२२चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला, तो योग्यच.

माझा जीव मात्र घन आम्लांत. वाशिंदहून लोकलने कारखाना गाठायचो त्या काळात ॲसायलेशन म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराईड, असे समीकरणच होते. तयार झालेला कीटोन त्याला धरून बसतो, म्हणून मोलास मोलाहून जास्त घालावे लागे. शेवटी सारे पाण्यात ओतायचे, की आम्लाचा धूर उठे आणि ॲल्युमिनियमयुक्त आम्लारी पाणी उरे. अंबरनाथ-उल्हासनगरची वालधुनी ज्याने पाहिली आहे, त्याला असल्या पाण्याचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. शेल्डन यांनी १९९२ मध्ये ई-फॅक्टर मांडला आणि किलोभर औषधामागे २५ ते १०० किलो कचरा निघतो हे आकड्यांत दाखवले.

घन आम्लांचे उत्तरही नव्वदच्या दशकातच आले. फ्रान्सच्या रोन-पूलांकने ॲनिसोलचे ॲसायलेशन ॲसेटिक ॲनहायड्राईड घेऊन बीटा झिओलाईटवर कारखान्यात चालवले. आपणही मागे नव्हतो. पुण्याच्या एनसीएलमध्ये पॉल रत्नसामी यांच्या गटाने ऐंशीच्या दशकात एन्सिलाईट झिओलाईट घडवले आणि ते बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये झायलीनसाठी चालले. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, गणपती यादव यांनी के-१० मातीवर हेटेरोपॉलीआम्ल बसवले. क्लोरोसल्फोनिक आम्ल वापरून गंधकाचे प्रमाण वाढवलेला झिर्कोनिया, यूडीसीएटी-५, हाही त्यांचाच. प्रयोगशाळा आणि प्लांट तेव्हा एकमेकांशी बोलत.

घन आम्लांचा विषय संपला, असे काही विद्वान परिसंवादांत ठासून सांगतात. मला ते मान्य नाही. जड रेणू बीटाची छिद्रे बुजवतात, हे खरे. पण साचलेला कोक हवेत सुमारे ५५० अंशांना जाळला की बरीचशी सक्रियता परत मिळते. वाळूत मुरलेले पाणी हळूहळू पाझरावे तसे सल्फेटेड झिर्कोनियातून गंधक निसटते, हेही खरे. म्हणून तर तपासणी हवी: अभिक्रिया अर्ध्यावर असताना उत्प्रेरक गरमच गाळून काढा आणि द्रव पुढे तापवत ठेवा. अभिक्रिया थांबली नाही, तर काम घन करत नसून त्यातून विरघळलेले आम्ल करत आहे.

आजच्या शोधनिबंधांत ही शिस्त विरळ झाली, याचे मला दुःख आहे. शंभर टक्के रूपांतरण होईपर्यंत थांबून ‘पाच वेळा पुनर्वापर, यील्ड तेवढेच’ असे छापले जाते. अर्धा मेलेला उत्प्रेरकही पुरेसा वेळ दिला की शंभराला पोचतोच. पुनर्वापर तीस-चाळीस टक्के रूपांतरणावर आणि वेगावरून मोजला पाहिजे. ही अट मार्गदर्शकांनी पीएचडीच्या पहिल्याच वर्षी घालावी. नाहीतर प्लांटवाला निबंध बाजूला ठेवून पुन्हा ॲल्युमिनियम क्लोराईडचा ड्रम उघडेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.