पाहिलं, ऐकलं की वाटलं?

लखनौहून बोलतोय. सकाळी शेजारी सांगत आले, हजरतगंजात जोराचा पाऊस आहे. इकडे गोमतीनगरात कडक ऊन. मी घरात येऊन बायकोला म्हणालो, "गंजात पाऊस आहे म्हणे." त्या 'म्हणे'नं माझी जबाबदारी संपली. पण 'म्हणे' घातलं नसतं, तरी मराठी वाक्य शुद्धच राहिलं असतं.

लाआदन भाषेत ही सूट नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आणि लेखिका सुझेट हेडन एल्जिन यांनी १९८२ मध्ये ही कृत्रिम भाषा रचायला घेतली. 'लाआद' म्हणजे इंद्रियांनी जाणणं. पाहणं, ऐकणं यांना स्वतंत्र क्रियापदं नाहीत. डोळ्यांनी लाआद, कानांनी लाआद, असं म्हणायचं. आतून जाणवलं तर 'लोलाआद'. आणि वाक्य संपवताना, हे तुम्हाला कसं कळलं, ते एका शब्दात सांगायचं: स्वतः अनुभवलं तर 'वा', उघडच असेल तर 'वी', स्वप्नात दिसलं तर 'वे'. ऐकीव गोष्टीला दोन शब्द आहेत, सांगणाऱ्यावर विश्वास असेल तर एक, नसेल तर दुसरा. दोघांत फरक फक्त सुराचा! (शेजाऱ्यांसाठी कुठला, ते विचारू नका.)

आपल्याकडे हे नवं नाही. बोलणाऱ्यानं न पाहिलेल्या भूतकाळासाठी पाणिनीनं क्रियापदाचं वेगळं रूप सांगितलंय, लिट् लकार.

मला मात्र 'वा' अपुरा वाटतो. एका रात्री चौकीवरच्या जवानानं वायरलेसवर कळवलं, "ओढ्यापलीकडे हत्यारबंद माणसं आहेत." सगळे बंदुका रोखून तयार. मी विचारलं, "दिसली का?" थोडा वेळ काहीच नाही. मग, "नाही साहेब. लोखंडाचा आवाज आला." उजाडल्यावर दिसल्या त्या कोयते घेऊन लाकूडफाट्याला निघालेल्या बायका.

पोरगा खोटं बोलला नव्हता. आवाज त्यानं स्वतः ऐकला होता, म्हणजे लाआदनमध्येही त्यानं बेधडक 'वा' लावला असता. पाहिलेलं आणि ऐकलेलं, दोन्ही त्यात बसतं.

कोलंबिया-ब्राझील सीमेवरची तुयुका ही खरीखुरी, माणसं बोलतात ती भाषा. तिथे क्रियापदाचा प्रत्ययच वेगळा: डोळ्यांनी पाहिलं तर एक, इतर इंद्रियांनी कळलं तर दुसरा, खुणांवरून ताडलं तर तिसरा. ऐकीव आणि गृहीत धरलेलं धरून एकूण पाच. प्रत्यय निवडल्याशिवाय क्रियापद पुरं होत नाही. तिथल्या पोराला मला प्रश्न विचारावा लागला नसता.